अर्धी धावपट्टी, अर्धी मिरची

विमानतळावरच्या नोकरीचे अनुभव, असं मथळ्याखाली वाचून तुम्ही पाट पुढे ओढून बसला असाल. आता गोऱ्यापान बायका येणार, सुटाबुटातले पायलट येणार, लाऊडस्पीकरवर इंग्रजी बाई बोलणार. बसा, बसा. फराळाचं खाऊन घ्या तोवर. यातलं काही येणार नाही. युद्धाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर त्याही नाहीत, कारण लढाई चालू होती तेव्हा मी पाळण्यात होतो आणि आमच्या घरात त्या वेळी माझ्याइतका आवाज दुसरं कोणी करत नव्हतं. धावपट्टीखाली सोनं पुरलंय, अशीही एक बातमी आमच्याकडे आहे. मी स्वतः खणून पाहिलंय. घुशी निघाल्या.

असले लेख रिटायर झालेली माणसं लिहितात म्हणे. मी अजून तिशीचा नाही. पण आमच्या विमानतळावर एका वर्षात माणूस दहा वर्षांनी पिकतो, तेव्हा मला चालून जावं.

तर पिंपळखेड्याचा विमानतळ. नंदुरबारहून सायकलने सहा मैल. लढाईच्या दिवसांत मिलिटरीला इथं विमानं उतरवायची होती, म्हणून गावची सपाट काळी वावरं घेतली. मुरूम आणला, रूळ फिरवला, लांबलचक पट्टी केली, दोन पत्र्याच्या शेड ठोकल्या. घेताना सांगितलं, लढाई संपली की परत. मग लढाई संपली, मिलिटरी गेली, जाताना तंबू नेले, डबे नेले, खुर्च्या नेल्या. वावरं तेवढी परत द्यायची राहिली. पुढे तो सगळा पसारा बांधकाम खात्याच्या गळ्यात पडला. खात्याने एक पाटी लावली, 'विमानतळ', आणि पाटीखाली उभं राहायला एक चौकीदार नेमला. तो मी. भटू. सातवी पास, नकलांत पहिला.

धंदा काय असतो ते सांगतो, म्हणजे कोणी विचारलं तर तुम्हालाही दोन शब्द बोलता येतील. सकाळी उठून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. खड्डा दिसला की मुरूम भरायचा. गुरं हाकलायची. दोन्ही कडेला दगड मांडलेत, त्यांना चुना द्यायचा, म्हणजे वरून पट्टीची कड दिसते. एका उंच खांबावर कापडाची लांब पिशवी बांधलेली असते, तिच्यात वारा भरला की वारा कुठून कुठे वाहतोय ते पायलटला कळतं. खात्यात तिला काहीतरी इंग्रजी नाव आहे. आमच्या गावात तिला 'एक पायना पायजमा' म्हणतात. आणि विमान येणार असेल त्या दिवशी पऱ्हाट्या पेटवून धूर करायचा. झालं. विमान तेवढं यावं लागतं.

ते येत नव्हतं. रोज वहीत लिहायचं, 'विमाने आली : निरंक'. महिनोन् महिने निरंक. एकदा एक गुरुजी अख्खी शाळा घेऊन आले, चाळीस पोरं, उन्हातून चालत, विमान दाखवायला. मी म्हटलं, गुरुजी, विमान नाही. पोरांची तोंडं अशी पडली की माझ्याच्याने बघवेना. मग मी पट्टीच्या टोकाला गेलो, दोन हात पसरले, तोंडाने इंजिन चालू केलं आणि धावत आलो. मधे गरगर फिरलो, एक पंख झुकवला, खोकत खोकत इंजिन बंद केलं आणि पायजम्याखाली उतरलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला, 'विमान पाहून विद्यार्थ्यांना आनंद झाला.' त्या दिवशी मला निरंक लिहिताना फार वाईट वाटलं.

तसा मी सगळ्यांचा आवाज काढतो. रेल्वेच्या टीसीचा, नंदुरबारच्या बाजारातल्या दलालाचा, कोंबडा गिळलेल्या कुत्र्याचा. पण गावाची फर्माईश कायम एकच, आठल्ये ओव्हरसियरची. आठल्ये साहेब म्हणजे माझे वरचे. पुण्याकडचे. नाकात बोलायचे आणि प्रत्येक गोष्टीला आधी म्हणायचे, "त्याचं असं आहे." पाणी हवं असलं तरी "त्याचं असं आहे भटू, जरा पाणी आण." महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, पायजमा बघायचे, सही करायचे आणि उन्हाला नावं ठेवत परत जायचे.

आता मिरचीचं सांगतो, कारण खरा विमानतळ तीच चालवत होती.

लाल मिरची तोडली की वाळवायला जागा लागते. कडक, सपाट, उघडी, दिवसभर ऊन खाणारी. शेतात मुद्दाम जागा चोपून, सारवून तयार करावी लागते. आणि आमच्याकडे तर सरकारने मैलभर चोपून ठेवलेली. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सकाळी उठून पाहिलं तर पट्टीच्या मधोमध हिरामाय मिरची पसरत होती. हिरामाय म्हणजे गावातली साठीची बाई, एकटीच्या हिमतीवर शेती करणारी. तिच्यापुढे पोलीसपाटीलसुद्धा टोपी नीट करून बोलायचा.

मी जाऊन म्हटलं, "माय, हाई सरकारी जागा शे. आठे मिरची टाकता येत नही."

"कोन सांगस?"

"सरकार सांगस."

"सरकारले सांग, हिरा सांगस हाई मन्हं वावर शे."

"ते लढाईमा लिन्हं ना सरकारनी."

"लढाई सरनी का नही?"

"सरनी."

"मंग?"

या 'मंग'ला खात्याच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. मी शोधलंय.

आठवडाभरात सगळं गाव मिरची घेऊन आलं. मला वाटलं, आता जागेवरून डोकी फुटणार. कोणी भांडलं नाही. खुणेचा दगड नाही, रेघ नाही, वरून रूळ फिरलेला, आणि तरी जो तो येऊन बरोबर आपल्या जागी थांबायचा. "हाऊ मन्हा बांध. आठे निंब व्हता." लढाईच्या आधीची सगळी वावरं त्या मुरमावर जशीच्या तशी होती. मला दिसत नव्हती, एवढंच. हिरामाय मधे बसली होती ती मला छळायला नाही. तिचं वावर मधे होतं.

वरिष्ठांना हे कळवावं असं नियम सांगतो. मी कळवलं नाही. आठल्ये साहेब मिरचीच्या दिवसांत यायचे त्याच्या आदल्या दिवशी गाव त्यांच्या वाटेवरची तेवढी मिरची उचलायचं. साहेबांना पट्टीच्या टोकापर्यंत चालायचा कंटाळा, त्यामुळे जमून जात होतं.

अशात एका सोमवारी साहेबांची चिठ्ठी आली. परवा बुधवारी सकाळी दहाला मुंबईचे मोठे साहेब विमानाने येत आहेत. ही पट्टी चालू ठेवायची की कायमची बंद करायची, ते पाहून ठरवणार आहेत. धावपट्टी स्वच्छ असावी.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. तुम्ही म्हणाल, बंद झाली तर झाली, तुझं काय? माझं लग्न ठरलं होतं! ब्राह्मणपुरीची मुलगी. सासरे केळीवाले, चांगले खाऊनपिऊन सुखी, आणि त्यांनी मुलगी दिली होती ती माझ्याकडे बघून नाही. त्यांनी साऱ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं की जावई विमानखात्यात आहे. पाटी गेली की चौकीदार गेला, चौकीदार गेला की जावई गेला. सरळ हिशोब. आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक.

पळत हिरामायकडे गेलो. "माय, परवा विमान यी ऱ्हायनं. मिरची उचलनी पडी."

तिने एक मिरची उचलून माझ्या हातात दिली. "दाब."

मी दाबली. आत ओल होती.

"आर्धी वल्ली शे. ढीग मारा ते कायी पडी जाई. समदा गावनी."

"मन्ही नोकरी जाई, माय."

"अन आम्हनी मिरची जाई."

"मन्हं लगीन मोडी!"

आता ती थांबली. "कोठली पोर?"

"ब्राह्मणपुरीनी."

"दखाले चांगली शे का?"

"चांगली शे."

तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पट्टीकडे. "तुन्हा विमानले कितली जागा लागस?"

मी हात पसरून दाखवले. छोटं विमान, एवढे पंख, म्हणजे चार बैलगाड्या शेजारी शेजारी. पट्टी तर त्याच्या कितीतरी पट रुंद.

"मंग आर्धं तुन्हं, आर्धं आम्हनं," हिरामाय म्हणाली. "लांबीमा कापू."

मंगळवारी सगळं गाव झाडू आणि गोणपाटं घेऊन आलं. ज्यांची वावरं उत्तरेच्या अर्ध्यात होती त्यांना दक्षिणेच्या अर्ध्यात पाहुणे म्हणून घेतलं. सगळी मिरची दक्षिणेला. मी उत्तरेकडचा अर्धा भाग आरशासारखा झाडला. मग माझं डोकं चाललं. कडेचे चुन्याचे दगड उचलले आणि मधोमध आणून ओळीत मांडले. वरून बघणाऱ्याला वाटावं, पट्टी एवढीच आहे आणि शेजारी कोणाचं तरी शेत आहे. मी इतका खूश झालो की कामाला जुंपलेल्या माणसांना आठल्ये साहेबांच्या आवाजात शाबासकी देत फिरलो.

बुधवारी नऊला खरे आठल्ये साहेब आले. सायकलवरून उतरले आणि तसेच हँडल धरून उभे राहिले.

"भटू, हे काय आहे?"

"धावपट्टी, साहेब."

"आणि ते?"

"ती पण धावपट्टीच, साहेब. पण सध्या ती मिरची आहे."

साहेब मटकन शेडच्या पायरीवर बसले. "त्याचं असं आहे भटू," ते एवढंच म्हणाले आणि पुढे काय आहे ते त्यांना सुचेना. तेवढ्यात ब्राह्मणपुरीहून सासरे आले, बैलगाडीतून, धुवट धोतर नेसून. जावई विमान कसं उतरवतो ते बघायला. आणि वरून विमानाचा आवाजही आला.

सांगू का, विमान उतरलं ते फार सुंदर उतरलं. धूर सरळ, पायजमा फुगलेला, मी हात हलवतोय, आणि विमान दगडांच्या ओळीतून असं अलगद आलं की सासऱ्यांनी शेजारच्याला कोपर मारलं. आम्ही उतरण्याचा सगळा विचार केला होता. पंख मोजले होते, लांबी मोजली होती. एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. बैलगाडी वळते तेव्हा बैल वारा सोडत नाहीत.

विमान पट्टीच्या टोकाला पोचलं आणि परत फिरायला वळलं. शेपूट मिरचीकडे आलं. पायलटने इंजिन जोरात केलं.

मी लाल आंधी तेवढी एकदाच पाहिली. मिरच्या, देठ, बिया, चुरा, सगळं उठलं आणि आमच्यावर आलं. सूर्य दिसेना. पळणाऱ्यांचे फक्त आवाज येत होते, आणि सगळे आवाज शिंकांचे. बैल शिंकले. आयुष्यात मी पुष्कळ नकला केल्या, पण शिंकणारा बैल मला अजून जमला नाही. मंगळवारी पाहुण्यांना जागा करून देताना हिरामायने आपली मिरची टोकाला सरकवली होती, ती वळणाला सगळ्यात जवळ. ती सगळी उडून कडेच्या बाभळींत जाऊन बसली.

इंजिन बंद झालं. दार उघडून मोठे साहेब नेमके त्या ढगात उतरले. एक पाय खाली ठेवला आणि डोळे गच्च दाबले ते दाबलेच. आठल्ये साहेब स्वागताला धावले, तोंड उघडलं, आत मिरची गेली आणि आवाज गेला. नुसती चुलीपुढच्या फुंकणीसारखी हवा.

"ओव्हरसियर!" डोळ्यांवर रुमाल धरून मोठे साहेब ओरडले. "काय आहे हे? कुठे आहात तुम्ही?"

आठल्ये साहेबांनी माझ्याकडे बघून जोरजोरात हात हलवले. बोल, काहीतरी बोल! आता कोणत्या आवाजात, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

"त्याचं असं आहे साहेब," मी नाकात म्हणालो.

आठल्ये साहेबांचे डोळे एवढे मोठे झाले की त्यांतही मिरची गेली.

"धावपट्टीवर मिरची?"

"त्याचं असं आहे साहेब, आधी इथं मिरचीच होती. लढाईत मधे आपण आलो." हे मी आधी कधी ठरवलं नव्हतं, पण एकदा दुसऱ्याचा गळा मिळाला की माणूस सैल सुटतो. "लढाई संपली की वावरं परत देतो म्हणाले होते. दिली नाहीत. दर हिवाळ्याला जो तो येऊन आपल्या जुन्या बांधात मिरची घालतो. कोणी कोणाच्या वावरात पाय ठेवत नाही. आणि साहेब, हीच माणसं पट्टी झाडतात, गवत उपटतात, घुशींची बिळं बुजवतात, गुरं फिरकू देत नाहीत. पट्टी शाबूत आहे ती मिरचीमुळे. पगारी माणूस नेमून एवढं होणार नाही."

हे बोललो आणि माझ्या लक्षात आलं, पगारी माणूस मीच.

"म्हणजे माणूस तर पाहिजेच साहेब!" मी घाईने म्हणालो. "आमचा चौकीदार फार मेहनती आहे. भटू नाव त्याचं. होतकरू आहे."

"तुम्ही स्वतः लक्ष घालता का यात?"

"मी?" आता मला थांबायला हवं होतं. पण शाबासकीचा वास आला की नकलाकार थांबत नाही. "हंगामात मी रोज सकाळी सातला इथं उभा असतो, साहेब. जातीने."

मागून कोणीतरी माझी गचांडी धरली. आवाज नव्हता, पण पकड आठल्ये साहेबांची होती.

तेवढ्यात हिरामाय ताकाचा लोटा घेऊन आली. मोठ्या साहेबांचा रुमाल ओढून बाजूला केला. "डोया चोयू नको रे भाऊ, वाढस ते. वर दख." आणि मुंबईच्या साहेबांची मान मागे करून तिने दोन्ही डोळ्यांत ताक सोडलं. पायलट हात जोडून आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला.

तासाभराने शेडमध्ये बसून, सुजलेल्या डोळ्यांनी, मोठ्या साहेबांनी कागदावर लिहिलं. पट्टी चालू राहावी. चौकीदाराची जागा राहावी. हंगामात दक्षिणेच्या अर्ध्या भागात मिरची वाळवण्यास हरकत नाही, मात्र ओव्हरसियर यांनी रोज सकाळी सातला जातीने हजर राहावे, जसे ते सध्या राहतात.

इंजिन तिथं पुन्हा चालू करायचं नाही, असं गावाने बजावलं. म्हणून विमान दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेलं. एका पंखाखाली माझे सासरे होते. धापा टाकत मला म्हणाले, "जावई, विमान ढकलनं पडस, हाई आधी सांगं नही तुम्ही." पण त्यांचा चेहरा फुललेला होता. गावी जाऊन हे सांगायला मिळणार होतं.

आठल्ये साहेबांचा आवाज तिसऱ्या दिवशी परत आला आणि पहिला वापर माझ्यावर झाला. सकाळी सात, थंडी, सहा मैल सायकल. "नालायका! माझा गळा काय गावकीचा ढोल आहे, कोणीही वाजवावा? मी तुला बोलायला सांगितलं, मला विकायला नाही! रोज सातला? होळीपर्यंत?" मी मान खाली घालून उभा. मग जरा थांबून, हळू आवाजात, "आणि त्याचं असं आहे भटू, मी खरंच एवढा नाकात बोलतो?"

"नाही साहेब," मी म्हणालो. सवयीने नाकातच निघालं. पुढचं छापण्यासारखं नाही.

पण ते बोलणं मला लागलं नाही. नोकरी राहिली होती, लग्न राहिलं होतं. लागलं ते बुधवारचंच, विमान गेल्यावरचं. मी उड्या मारत हिरामायकडे गेलो होतो. ती बाभळीच्या काट्यांतून एकेक मिरची काढून ओच्यात टाकत होती. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

"माय, परवानगी भेटनी! लिखी दिन्ही साहेबनी!"

"ऐकं मी."

"कसं सांगं मी, ऐकं ना?"

"ऐकं ना. वीस वरीस आम्हना वावरनं सरकारपुढे कोनी बोलं नही. आज तू बोलना. अन बोलना ते डोया मिटेल मानूसपुढे, गळा बसेल मानूसना आवाजमा. साहेब घर जाई सांगी, ओव्हरसियर भला मानूस शे."

"पन मन्हं नाव बी लिन्हं मी, माय."

"हां. 'भटू मेहनती शे.' तेबी ऐकं." तिने हातातल्या मिरचीचा काटा काढला. "अन ज्यानं वावर, त्यानं नाव लिन्हं का? हिरानं वावर, इतलं बोलाले काय व्हतं तुले? पोर पसंत शे, नोकरी पसंत शे, समदं आठवनं. मन्हं नाव तेवढं नही आठवनं?"

माझ्याकडे सगळ्यांचे आवाज होते. त्यातला एकही चालेना.

"काय रे, तोंड काय दखस? बठ खाले. त्या काटामाथीन मिरच्या वेच. अन बोलू नको. कोनाच आवाजमा बोलू नको."